आमचां हाडच जाड

आई, आज डिचोलीच्या दवाखान्यातून रिपोर्ट आणला, पण घर येईपर्यंत मला कुठला धीर! बसमध्येच पाकीट फाडलं. साखर ताब्यात. उपाशीपोटीची, जेवणानंतरची आणि ती तीन महिन्यांची सरासरी काढतात तीसुद्धा. शेजारी बसलेल्या मासळीवालीला ओळख ना देख सांगून टाकलं, तर ती म्हणाली, "बरां जालां गो बाय, आता माका वायच बसाक जागा दी." खरंच, सीटवर माझाच पसारा जास्त होता. आठ वर्षांत अकरा किलो उतरले, तरी मी बारीक काही झालेली नाही आणि होणारही नाही. त्याचं मला आज काडीचं दुःख नाही. तू चोपन्नाव्या वर्षी गेलीस, पायाची जखम महिनोन् महिने न भरता. मी एकसष्ट पुरी केली आणि माझे दोन्ही पाय ठणठणीत आहेत.

पाळी गावातलं आपलं स्वयंपाकघर मला वासासकट आठवतं. गोवा मुक्त झाला, बाबांना खाणीवर नोकरी लागली आणि तू पेडण्याच्या शेतातून लग्न होऊन तिथं आलीस. आल्या आल्या तुझा पहिला हुकूम निघाला तो पेजेवर. तुझ्या माहेरी सकाळी दहाला उकड्या तांदळाची पेज असायची, बरोबर कुळीथ किंवा खारा बांगडा, आणि मग पुन्हा चिखलात उतरायचं. माझ्या घरात पेज शिजणार नाही, असं तू ठरवलंस. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंपू वाजला की तू पदर सावरत धावायचीस, परतायचीस ती गरम पावांनी ओटी भरून. पावाला लोणी, चहात तीन चमचे साखर, आणि कपातला पाव भिजून पडायच्या आत तोंडात. संध्याकाळी तो पुन्हा यायचा आणि तू पुन्हा धावायचीस. मी नऊ वर्षांची असताना मे महिन्यात पेडण्याला मावशीकडे राहून आले आणि दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे पेज मागितली. तू हातातला डाव आपटलास. "पेज? शेतात रापतत त्यांचां जेवण तां! तुज्या बापाशीन खाणीर नोकरी कित्याक धरली?" मग माझ्या बशीत दोनाऐवजी तीन पाव ठेवलेस आणि डोक्यावरून हात फिरवलास. रागावलीस की लाड केलेस, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

तू फुगत गेलीस आणि मागोमाग मीही. शाळेत मला काय काय म्हणायचे ते मी तुला सांगायची, आणि तुझं उत्तर ठरलेलं: "हसांदेत. आमचां हाडच जाड." तुझी आई तशी, तिची आई तशी. मावशीचीही मनगटं तुझ्याएवढीच रुंद, चेहरा म्हणशील तर तुझाच. फक्त ती सत्तरीतही बांधावरून भाऱ्यासकट चालायची, आणि तू चाळिशीतच जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबायचीस. दोघी सख्ख्या बहिणी, हाड एकच, मग असं का, हे आपल्या घरात कुणीच कधी विचारलं नाही. हाड जाड म्हटलं की विषय संपायचा.

पुढे मी सुर्ल्याला खाणीच्या वजनकाट्यावर नोकरीला लागले. खनिजाचे ट्रक काट्यावर यायचे, आधी रिकाम्या ट्रकचं वजन, मग भरलेल्याचं, दोन्ही मी लिहायची. एके दुपारी मी डबा विसरले म्हणून तू तो घेऊन चालत आलीस, घामानं चिंब. सावंतवाडीकडचा एक ड्रायव्हर, तसा स्वभावानं वाईट नव्हे, म्हणाला, "वयनी, जरा काट्यार उबी रव गो, काटो बरोबर आसा काय बघया." सगळे हसले. तूही हसलीस, काट्यावर चढलीस आणि जत्रेतल्यासारखी एक गिरकीसुद्धा घेतलीस. आणि मीही हसले. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले, कारण तू माझी आई आहेस हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतर मात्र डबा मी विसरले तरी विसरलेलाच राहायचा.

त्रेपन्नाव्या वर्षी माझ्या रक्तात साखर निघाली. तू गेलीस त्या वयाला एक वर्ष बाकी, असंच गणित माझ्या डोक्यात बसलं. डिचोलीची डॉक्टरीण तरुण, बोलणं पेडण्याचं. तिच्यासमोर मी फणफणले. म्हटलं, हे सगळं आमच्या आईचं. तिनं हाड जाड दिलं आणि वर पाव चारले. खोटं कशाला बोलू, किती तरी वर्षं मी तुझ्यावर रागावलेली होते. ती म्हणाली, "काकी, आवशीन दिलां तां खरां. पण किती दिलां, तां समजान घेया." मग तिनं सांगितलं, की लठ्ठपणाचं असं एकच बीज नसतं, रक्तातून पुष्कळ गोष्टी उतरतात. कुणाला भूक लवकर लागते, कुणाला पोट भरल्याचं उशिरा कळतं, कुणाच्या अंगाला चरबी चटकन धरते. पण तो नुसता कल असतो. तसंच अंग घेऊन एकजण शेतात राबून पेज खातो आणि बरा राहतो. दुसऱ्याच्या पुढ्यात दिवसभर पाव, साखर, लोणी येतं आणि अंगकाठी जणू त्याचीच वाट बघत असते. ज्याचा कल जास्त, त्याला ताटातली चूक जास्त भोवते, आणि ताट सुधारल्याचा फायदाही मिळतो.

मी खुर्चीत ताठ बसले. आई, सव्वीस वर्षं मी दुसरं काय लिहीत होते गं? रिकाम्या ट्रकचं वजन ड्रायव्हरच्या हातात नसतं, कारखान्यातून आलं तसं येतं. वर माल किती घालायचा ते मात्र खाणीवर ठरतं. रोज हे लिहून माझी बोटं झिजली आणि एकदाही ते मला स्वतःच्या अंगाला लावून बघता आलं नाही. मी तिथंच हसायला लागले, डॉक्टरीण घाबरली.

अर्थात शहाणपण लगेच आलं असं समजू नकोस. घरी येऊन पेजेलाच औषध समजून मी तिची भक्तीण झाले. सकाळी पेज, दुपारी पेज, थाळा थाळाभर, आणि साखर गेली वर! डॉक्टरीण म्हणाली, "पेज वखद न्हय गो काकी, तोय तांदूळच." मग दोन डाव पेज, बरोबर अळसांद्यांची उसळ, तांबडी भाजी, मासा, आणि सकाळी मुळगावच्या रस्त्यानं तास तासभर चालणं. पहिली दोन वर्षं काटा हललाच नाही. मी रडले, एकदा काट्याला लाथसुद्धा मारली. पण सोडलं नाही.

त्याच दिवसांत पेडण्याला मावशीकडे गेले. म्हटलं, मावशी, तू हुशार, आई चुकली. ती एवढी चिडली! "चुकली खंय ती? भुकेत वाढलेली बायल ती, पोराक बरां म्हणान दिसलां तां दिलां. माका पाव मेळाक नाय म्हणान मी वाचलंय. ती काय माजी हुशारी?" आई, त्या दिवशी माझा राग गेला. तू मला जड करण्यासाठी नव्हतीस वाढत. तू गरिबी घराबाहेर ठेवत होतीस, आणि बिचारी पेज तिच्याबरोबर बाहेर गेली. आज रिपोर्ट हातात धरून मी आरशासमोर उभी राहिले. तेच रुंद खांदे, तीच कंबर, तूच. म्हटलं, बघ, तुझ्याच अंगानं जिंकलं!

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणूनच आता एक सांगता येतंय. माझ्या बाळंतपणाच्या वेळी सातव्या महिन्यात तू मला सातेरीच्या देवळात नेलंस. नारळ तुझ्या हातात होता. गुरवानं मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं, आणि मी मनातल्या मनात माझं वेगळं घातलं, की पोर माझ्या आईच्या अंगावर जाऊ नये, तिची अंगकाठी घेऊ नये. तू शेजारी हात जोडून उभी होतीस. पोर तुझ्याच अंगावर गेली. आता त्या माझ्या लेकीलाच सातवा महिना लागलाय. सोमवारी मी तिला देवळात घेऊन गेले. गुरवानं विचारलं, कितें मागतंस? मी म्हटलं, "सुखरूप येवंदे. पणजेच्या आंगार गेलां तरी चलात. जेवणाचां आमी बघतलंव."