नाव येण्याआधीचं पान

३ ऑगस्ट १९९९, मंगळवार

नवराच निघाला! मला अर्ध्यातच कळलं होतं. फौजदारसाहेबांच्या लक्षात यायला आणखी अर्धं पुस्तक लागलं – बिचारे! बायको बुडाली तेव्हा मी परगावी होतो म्हणतो, आणि चपला मात्र ओल्या.

दुपारी पुस्तक परत करायला गेले. गेणभाऊ हल्ली वाचनालयात माझ्यासाठी वेगळं काढून ठेवतो, वर्तमानपत्रात गुंडाळून. आज चार माणसांत ओरडला, “शेठाणीबाई, ताजा माल आलाय. दोन खून, एक बेपत्ता. समदं खरं घडल्यालं!”

“हळू हो, गेणभाऊ!”

“प्रेमचंदशेटला न्हाई सांगत. पण काय राव, मुंगीवर पाय पडंल म्हनून खाली बघून चालणारं घर तुमचं, आन् आख्ख्या मंचरात खुनाचं मोठं गिऱ्हाईक बी तुमीच!”

सगळे हसले, मीही हसले. घरी येईपर्यंत हसू विरून गेलं. खरंच – का वाचते मी?

५ ऑगस्ट, गुरुवार

बाईंनी पकडलं. सासूबाईंना घरात आम्ही सगळेच बाई म्हणतो. मोतीबिंदूमुळे दिसत नाही फारसं, पण पान उलटल्याचा आवाज बरोबर ऐकतात.

“काय वाचतीस गं येवढं?”

खोटं बोलवेना. “पोलिसांचं पुस्तक आहे, बाई. खरे गुन्हे. एक बाई हरवलीय, बहुतेक खून.”

“चातुर्मासात हत्या वाचतीस? ह्या घरात आमी पाणी गाळून पितो!”

मी पुस्तक मिटलं. त्यांची माळ चालू राहिली. मग थांबली.

“घावली का ती?”

“कोण?”

“हरवल्याली बाई.”

अशी मजा! चहाची वेळ होईपर्यंत मोठ्यानं वाचत बसले. बाई पलंगावर भिंतीला टेकून, डोळे मिटून.

९ ऑगस्ट, सोमवार

रोजचं वाचन झालंय आता. हे दुकानात गेले, डिंपल कॉम्प्युटरच्या क्लासला गेली, की बाईच हाक मारतात – “आन तुझं पाप.”

पण एक विचित्र सवय! शेवटचं प्रकरण आलं की हात वर करतात. “बास. नाव नगं.”

“अहो, एवढं ऐकलंत, आता गुन्हेगाराचं नाव नको?”

“कशाला? नाव कळलं की राग येतो. राग आला की कर्म बांधलं जातं. तू वाच मनात.”

मग मी मनातल्या मनात वाचते आणि त्या माझ्या तोंडाकडे पाहत बसतात, जणू तिथे काही दिसणार आहे!

आणखी एक. प्रत्येक गोष्टीत तेच विचारतात – “तिनं हाक मारली व्हती का?” पुस्तकात असलं काही नसतं बहुधा. मी म्हणते, लिहिलेलं नाही.

१३ ऑगस्ट, शुक्रवार

पाऊस थांबायचं नाव नाही. आज पाचगणीची शाळा फार आठवली. धुक्यातली ती चॅपेलची घंटा. उशीखाली रहस्यकथा ठेवून झोपायचे मी. सिस्टर बर्नाडेटनी एकदा धरलं, पुस्तक नेलं, पण आठवड्यानं परत केलं आणि हळूच म्हणाल्या, “माळ्याचा संशय मला पहिल्यापासून होता.”

शनिवारी कॅथलिक मुली रांगेनं कबुलीला जायच्या. जाळीपलीकडे फादर, अलीकडे मुलगी. नुसतं चुकले म्हणून चालायचं नाही. काय केलं, कुणाला केलं, नाव घेऊन सांगायचं. आम्ही जैनांच्या मुली बाकावर बसून पाय हलवत बघायचो. मला त्यांचा हेवा वाटे!

आमच्याकडे संवत्सरीला सगळ्यांनी सगळ्यांना हात जोडायचे – खमतखामणा, कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा. झालं! कळत कोणतं, नकळत कोणतं, कुणी विचारत नाही. विचारायचं नसतंच.

त्या पुस्तकांत मात्र विचारतात. म्हणून वाचते मी. एक साधी बाई मेलेली असते आणि कुणीतरी अनोळखी माणूस पावसात उभा राहून विचारतो, हिनं शेवटी काय खाल्लं? दिवा कुणी लावला? तिची एवढी चौकशी जिवंतपणी कुणी केलेली नसते.

कांचनची कुणी केली नाही.

१४ ऑगस्ट, शनिवार

काल तिचं नाव लिहिलं आणि वही मिटली. आज लिहिते.

कांचन माझी धाकटी जाऊ. हसरी, कामात धांदरट, माझ्यामागे “भाभी, भाभी” करत फिरायची. सत्याहत्तरच्या चातुर्मासात मागच्या कोठीत स्टोव्हचा भडका झाला आणि ती गेली. मी नगरला होते, वडिलांच्या आजारपणात. आले तेव्हा कोठी धुऊन चुना लावून झाली होती. पाळण्यात तिची डिंपल, तान्ही. माझ्या अंगाशी आली ती आजतागायत.

सुदर्शनभाऊजी, कांचनचे यजमान, ओट्यावर बसले होते. दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले.

घरात सांगितलं होतं, भाऊजी दुकानात होते, सगळं झाल्यावर आले. मग हात कशानं भाजले?

तेव्हा विचारलं नाही मी. दोन वर्षांत ते पुण्याला गेले, दुसरं लग्न केलं. वर्षातून एकदा येतात, संवत्सरीला. ओट्यावर उभ्या उभ्या हात जोडतात. या घरातलं पाणीसुद्धा पीत नाहीत.

ओल्या चपला, भाजलेले हात. सगळी पुस्तकं एकच तर सांगतात!

२२ ऑगस्ट, रविवार

भाऊजींचा फोन. दिवाळीनंतर डिंपलचं लग्न, नारायणगावची माणसं चांगली आहेत. ते म्हणाले, “भाभी, तुमची हरकत नसेल तर कन्यादान मी करावं म्हणतो.”

मी “बघू” म्हटलं.

२३ ऑगस्ट, सोमवार

त्या हातात माझ्या डिंपलचा हात?

ह्यांना विचारलं, तर डोळे वर न करता म्हणाले, “बाप आहे तो.”

“तुम्हाला काय माहीत आहे?”

“काही नाही. आणि तुलाही नाही. तुझ्या डोक्यात ती पुस्तकं गेलीत.”

डिंपल स्वयंपाकघरात मागून गळ्यात पडली. “मोठी आई, करू दे ना गं पप्पांना. मला आवडेल. त्यांनी माझ्यासाठी आजवर एकच गोष्ट मागितलीय.”

तिला कसं सांगू? काय सांगू?

३० ऑगस्ट, सोमवार

झोप नाही. पुस्तकातही मन लागत नाही. आज वाचता वाचता सहज म्हणून विचारलं, “बाई, कांचन गेली तेव्हा भाऊजी कुठे होते?”

माळ थांबली. “दुकानात.”

“मग हात?”

“पुढं वाच.”

७ सप्टेंबर, मंगळवार

पर्युषण सुरू. पुस्तकं गेणभाऊकडे परत. “आठ दिवस खून बंद?” म्हणाला. “पोलिसांनाबी सुट्टी घावली म्हना!”

बाईंचा उपास. एवढ्या कडक बाई, पण सामायिकाला मात्र बसत नाहीत. कित्येक वर्षांत नाही. वाळूचं घड्याळ उलटं करून, वाळू संपेपर्यंत ध्यान करत बसायचं, आसनावरून उठायचं नाही हा नेम. पूर्वी त्यांचा कधी चुकत नसे. गुडघे दुखतात म्हणतात. घड्याळ कपाटावर धूळ खातंय.

मी ठरवलंय. यंदा भाऊजींनी हात जोडले की विचारणार.

१४ सप्टेंबर, मंगळवार. संवत्सरी

विचारलं.

ते ओट्यावर उभे होते. केस पांढरे झालेत. चप्पल काढून हात जोडले – “भाभी, खमतखामणा.” मनगटापासूनची कातडी अजून चकचकीत, सुरकुतलेली. मी हात जोडले नाहीत. म्हटलं, “कशाबद्दल?”

डिंपल दारात, हे मागे, बाई झोपाळ्यावर. आजच्या दिवशी असं कुणी कुणाला विचारत नाही. मी विचारलं! परत विचारलं. “कशाबद्दल, भाऊजी? नाव घेऊन सांगा. दुकानात होतात तर हात कशानं भाजले?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. बाईंकडे पाहिलं. मग चप्पल घातली आणि गेले. एस.टी. स्टँडकडे, भर उन्हात, पाणी न पिता.

पुस्तकातल्या फौजदाराला शेवटी समाधान वाटतं. मला नाही वाटलं.

१५ सप्टेंबर, बुधवार

डिंपल बोलत नाही. ताट तसंच. एकदाच बोलली, “तू माझ्या पप्पांना खुनी म्हणालीस.” मी म्हणाले नव्हते. पण म्हणालेच होते की!

१७ सप्टेंबर, शुक्रवार

पत्रिकेचा मजकूर छापखान्यात दिला. कन्यादान: आम्ही दोघं. भाऊजींचं नाव खाली, काकांच्या ओळीत. डिंपलच्या बापाचं नाव काकांच्या ओळीत!

१८ सप्टेंबर, शनिवार

दुपारी बाईंनी हाक मारली. “आन तुझं पाप.”

अर्धवट राहिलेलं पुस्तक परत आणलं होतं. वाचायला लागले. मन नव्हतं. शेवटचं प्रकरण आलं, मी सवयीनं थांबले.

“वाच.”

“नाव येईल आता, बाई.”

“यिऊ दे.”

वाचलं. त्या गोष्टीत भाऊ निघाला, इस्टेटीसाठी. बाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या – त्यांचेच शब्द लिहिते, माझे मिसळत नाही –

“सुदर्शन न्हाई. म्या.

“लेकराला पाजायची ती. भूक लागायची तिला लई. दिस बुडाल्यावर ह्या घरात कुनी तोंडात पानी घेत न्हवतं, तिला ठावं व्हतं. म्या आसन घालाया निघाले तर कोठीतनं स्टोचा वास. चोरून शिरा करत व्हती. मला राग आला. म्हनलं, बस आत, जरा कळू दे. भायेरनं कडी घातली आन् येऊन सामायिकाला बसले. घड्याळ उलटं केलं.

“तिनं हाक मारली. म्हनलं, दार उघडाया सांगती. वाळू सरंस्तवर उठायचं न्हाई. पुन्यांदा मारली. म्या डोळं मिटलं. मग सुदर्शन आला दुकानातनं, कडी त्येनं काढली. त्यो हात घालून वडत व्हता, आन् म्या आसनावरच.

“त्येनं कडी बघितली व्हती. पर त्येनं म्हनून ठिवलं, म्या उशिरा आलो, दार कुनी लावल्यालं न्हवतं. माझ्यापायी. पानी तेवढं सोडलं माझ्या हातचं.”

मी विचारलं, “माझ्याकडून एवढी पुस्तकं का ऐकलीत?”

“कुठंतरी माझ्यासारखीची गोष्ट यील म्हनून. खून न्हाई, आन् खून न्हाई असं बी न्हाई. तसलं कुनी लिहितच न्हाई वाटतं.”

मग हात जोडले माझ्यापुढे. नाव घेऊन. कांचनचं, डिंपलचं, सुदर्शनचं, माझं.

मी त्यांच्याजवळ बसून राहिले. त्यांचा हात धरला नाही. सोडूनही गेले नाही. शिऱ्याचा विचार करत होते. मी इथे असते तर मीच करून दिला असता, पदराखाली लपवून.

संध्याकाळी बाईंनी डिंपलला बोलावलं आणि दार लोटून घेतलं. बाहेर आली ती सरळ माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. अगदी पूर्वीसारखी.

१९ सप्टेंबर, रविवार

सकाळी छापखान्यात निरोप धाडला, पत्रिका थांबवा, कन्यादानाचं नाव बदलायचंय.

मग पुण्याला फोन लावला. भाऊजींनीच उचलला. मी म्हटलं, “भाऊजी, खमतखामणा.”

ते विचारू शकले असते – कशाबद्दल?

नाही विचारलं.