बेथ-शामीरहून अंजिरांचा निरोप

यरुशलेमच्या देवळाच्या ज्या एका दारातून आता सगळ्या यहूदाला आत जावं लागतं, त्या दाराचे राखणदार मत्तन्यामामा यांना बेथ-शामीरहून भाची अबीटलचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला? मी सांगते आहे आणि शेजारचा अज्जूर खापरावर लिहितो आहे. (तो म्हणतो, बाई, खापर लहान आहे, आटोपतं घे. मी म्हटलं, मग बारीक लिही.)

आमच्या टेकडीवरची वेदी राजाच्या माणसांनी पाडली, त्यानंतर दुसरा हिवाळा गेला. तक्रार म्हणून लिहीत नाही. त्या वेदीचे याजक होते ते बाबा स्वतःच सांगतात की हुकूम बरोबर आहे. देव एक, तर त्याची जागाही एकच हवी. आमच्याकडे लोक म्हणायला लागले होते की पावसासाठी बेथ-शामीरचा परमेश्वर चांगला आणि पोराच्या तापाला पलीकडच्या टेकडीवरचा, जणू वाटणी होऊन वेगळे राहिलेले दोन भाऊ. (पलीकडच्यांनी वेदीशेजारी देवीचा खांबही रोवला होता. आमच्याकडे नव्हता. म्हणजे होता, पण बाबांनी तो उपटून मला चुलीत घालायला दिला.) तेव्हा हुकमाशी बाबांचं भांडण नाही. भांडण आहे ते स्वतःच्या हातांशी. जन्मभर वेदीवर राबलेल्या हातांना आता काम नाही, आणि डोळे मिटण्याआधी एकदा तरी देवाने निवडलेल्या जागी, वेदीपाशी उभं राहावं एवढी एकच इच्छा उरली आहे. ती पुरी झाली नाही तर हा माणूस पुढचा हिवाळा काढत नाही. मी घरात राहून बघते आहे.

गेल्या वर्षी गद्दीएलच्या मुलीचं लग्न निघालं. आता मांस खायला वेदी लागत नाही. आपल्या दारातच जनावर कापा, रक्त मात्र पाण्यासारखं जमिनीवर ओता, असा नियम. गद्दीएलने मेंढा कापला, रक्त ओतलं, आणि सगळा गाव पुढचं ऐकायला उभा राहिला. पुढे काही नव्हतंच. शेवटी त्याची बायको म्हणाली, "असं कसं हो, वर कोणाला सांगितलंच नाही आणि जेवायला बसायचं?" मग सवयीप्रमाणे फरा, गालफडं आणि वजडी आमच्या घरी आली, याजकाचा वाटा म्हणून. बाबांनी सगळं परत धाडलं. जे वेदीवर गेलं नाही त्यात माझा वाटा नाही, म्हणाले. नवरा गेल्यावर मी माहेरी आले ती याच वाट्यावर जगायला, आणि तत्त्व काही शिजवून वाढता येत नाही. (वजडी अज्जूरकडे गेली. चांगली झाली होती, असं तो आत्ता सांगतो आहे.) तेव्हापासून बाबा मसुरीवर आहेत आणि त्यांच्यापायी मीही.

म्हणून मांडवांच्या सणाला त्यांना गाढवावर बसवून यरुशलेमला आणलं. तिथलं तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुम्ही दारातच होतात आणि नेमकं तेव्हाच तुम्हाला आत काहीतरी काम निघालं. बाबांनी तागाचा झगा धुऊन घातला होता. बाह्या सारून सरळ वेदीकडे निघाले, सुरी द्या म्हणत. एक कोवळा याजक आडवा आला. "आजोबा, तुम्ही टेकडीवरचे ना? मग तिकडे लोकांत उभे राहा. भाकरी मिळेल." भाकरी मिळाली, खोटं कशाला बोलू. ती हातात धरून बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा यज्ञ मागून, लोकांच्या पाठींआडून पाहिला. मला त्या पोराच्या मुस्काटात द्यावीशी वाटली.

परतीच्या वाटेवर ते गाढवावर, मी दोर धरून पुढे. मी मनातल्या मनात तुमच्यासकट सगळ्यांचा उद्धार करत होते. हेब्रोनच्या चढावर बाबा एकदम म्हणाले, "अबी, आपण इतके आहोत हे मला माहीतच नव्हतं गं." टेकडीवर त्यांच्यासमोर नेहमी आमचीच मूठभर डोकी. इथे उत्तरेकडची उजाड झालेल्या गावांतली माणसं होती, वाळवंटाकडची होती, एकमेकांची बोली धड न कळणारी, आणि सगळ्यांची तोंडं एकाच धुराकडे. "म्हणून एक जागा," बाबा म्हणाले. मला रडू आलं. त्यांना नाही आलं. त्यांनी गाढव लंगडतंय का ते विचारलं. इच्छा मात्र तशीच आहे, फक्त बोलून दाखवत नाहीत.

बाकी क्षेम. कमीजास्त बोलले असेन तर पोरकट भाची म्हणून पोटात घाला.

अबीटल

ता. क. देवळात जो ग्रंथ वाचून दाखवला त्यात म्हणे असंही आहे की कुठल्याही गावचा लेवी, म्हणजे बाबांसारखा याजककुळातला माणूस, त्या जागी आला तर त्याने आपल्या भावांसारखीच सेवा करावी. मला वाचता येत नाही. अज्जूर ऐकून आला आहे. मी आपलं सहज सांगितलं.

आणखी एक. सुरी नको. यज्ञ तुमच्याकडचेच करोत. पण पहाटे वेदीवरची राख काढायला कोणी फारसं पुढे येत नसेल. बाबा आमच्या वेदीची राख स्वतः काढायचे, मला कधी हात लावू दिला नाही. एका पहाटे तेवढं त्यांना करू द्या. तुमच्या शब्दाला तिथे वजन आहे, असं तुम्हीच दर सणाला सांगता.

अगदी शेवटचं. हे खापर घेऊन तुमच्यासमोर जे उभे आहेत ते बाबाच. पुन्हा कोणाच्या दारात काही मागायला जायचं नाही म्हणत होते, म्हणून सुक्या अंजिरांचा निरोप आहे, मामांच्याच हातात द्या, असं सांगून मी त्यांना धाडलं. जवळचं आता दिसत नाही, हे त्यांना वाचता येणार नाही. मामा, अंजिरांचं काही विचारू नका. हाताला धरून आत न्या.