एक नंबरची नोट

१२ मार्च
डेलमारनं नोटेवर इस्त्री फिरवली! इस्त्री! सख्खा भाऊ असला म्हणून काय झालं, गाढव ते गाढवच. "चुरगळली होती, जरा सरळ केली," म्हणे.

आजोबांची नोट ती, परवा डेलमारलाच जुन्या कागदांत सापडलेली. आमच्या गावच्या बँकेची, दहा डॉलरची, नंबर एक. तेव्हा गावोगावच्या बँका स्वतःच्या नावानं नोटा काढायच्या, आणि कॅशियर शाईनं सही करायचा. आमचे आजोबा कॅशियर. पुढं बँक बुडाली, लोक आमच्या दारावर थुंकून गेले. आजोबांच्या हातचं दुसरं काहीच उरलं नाही. मला विकायची नव्हतीच. त्यांची सही हवी होती.

१४ मार्च
लिंकन शहरात जाऊन आले. जुन्या नोटांचे जाणकार योडर यांनी भिंग लावलं, मग नोट दिव्यासमोर धरली. "बाई, या बँकेच्या तीनच नोटा आजवर सापडल्यात. धड असती तर बारा हजार. पण इस्त्री झालीय, आणि डावीकडची कॅशियरची सही कुणीतरी पाण्यानं पुसलीय."

मी आजोबांची समजत होते ती उजवीकडची सही बँकेच्या अध्यक्षाची, ठणठणीत. आजोबांच्या जागी पांढरा डाग!

निघताना म्हणाले, "एका कागदावर चार नोटा छापायचे, तीन दहाच्या, एक वीसची. चारींचा नंबर एकच. पहिला कागद कॅशियर बहुधा घरीच ठेवायचा. शोधा."

१५ मार्च
डेलमारला फोन करून विचारलं. "देवाशपथ आर्डिथ, पाणी लावलं नाही! फक्त इस्त्री!"

खोटारडा. लहानपणापासून असाच. सांगितलं, ईस्टरला माझ्या दारात दिसू नकोस. फोन आपटला. संताप संताप झाला.

१९ मार्च
डेलमार पायरीवर दालचिनीचे रोल ठेवून गेला. कुत्र्याला घातले.

२१ मार्च
आजीची शिवणाची पेटी उघडली. ती गेली त्या दिवसापासून किल्ली माझ्याच जुडग्यात आहे. अस्तराखाली तीन नोटा. दोन दहाच्या, एक वीसची. नंबर एक.

तिन्हींवर डावीकडे तोच पांढरा डाग. अध्यक्षाच्या सहीला धक्का नाही.

चार वेळा पुसलं तिनं त्यांचं नाव. आणि आमच्यापाशी कधी एक शब्द बोलली नाही.

डेलमारला फोन लावला. म्हटलं, "रोल उरलेत का रे?"