खंडेनवमीच्या काचा

२२ सप्टेंबर २००३, सोमवार
सोनवणे मॅडमनी बोलावलं. माझ्या पीएच.डी.च्या गाइड. हळू बोलतात, म्हणून जास्त भीती. म्हणाल्या, दसऱ्यानंतर बाहेरचे परीक्षक येतील, लेप चालला नाही तर रजिस्ट्रेशन रद्द. का नाही चालणार? काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप, काच घाण पाण्यात, भांडं उन्हात. ऊन लागलं की लेप घाण खातो. माझा तर इतका पातळ की दिसतच नाही. पाय थरथरत होते, पण ते जिन्यामुळे.

२६ सप्टेंबर
घाणीऐवजी निळा रंग घातलेलं पाणी संध्याकाळी फिकं. मॅडमनी विचारलं, शेजारी बिनलेपाची साधी काच ठेवली होती का? रंग नुसत्या उन्हानेच उडत असेल तर? उद्या ठेवतो म्हटलं.

२८ सप्टेंबर, रविवार
ठेवली नाही. घाबरून नव्हे. स्वतःच्या कामावर विश्वास असलेला माणूस असलं काही करत बसत नाही. जेवण गेलं नाही. बायकोने, सविताने, भाजीत मीठ जास्त टाकलं असणार.

४ ऑक्टोबर, खंडेनवमी
लॅबमध्ये यंत्रांची पूजा. भट्टीला हळद-कुंकू, वजनकाट्याला झेंडू. भिमाजी शिपायाला कालच बजावलं होतं, माझ्या काचा सगळ्यांच्या पुढे आणि लखलखीत पाहिजेत. हात जोडताना डोळ्यांत पाणी आलं. धूप फार होता.

६ ऑक्टोबर, दुपार
कडक ऊन. पूजेतल्याच काचा लावल्या. पाणी स्वच्छ! आजवरचा बेस्ट रिझल्ट. मॅडम चक्क हसल्या. भीती कायमची गेली. निफाडला सासऱ्यांना फोन केला, आता डॉक्टर म्हणायला हरकत नाही.

६ ऑक्टोबर, संध्याकाळ
मॅडमसमोर भिमाजीचं कौतुक केलं, काचा काय चमकवल्यास म्हणून. तो खुश. म्हणाला, दिसत नव्हता, पर बोटाला लागायचा, लय चिवट थर होता साहेब, तारेच्या घासणीनं खरवडला, एकीवर बी ठेवला नाय. मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. हळूच म्हणाल्या, चला, साध्या काचेचा प्रयोग झाला एकदाचा.

७ ऑक्टोबर
परीक्षक परवा येणार. आकडे खरे आहेत, तसेच दाखवा, मॅडम म्हणाल्या. प्रबंधाच्या नावातून लेप खोडला. ऊन आणि पाणी उरलं.
निफाडहून सासऱ्यांचा फोन. डॉक्टरसाहेब आहेत का, विचारत होते. सविताला खुणेने सांगितलं, नाहीत.
पाय थरथरतायत. आज जिना चढलोच नाही.