डब्यातल्या घड्या

ता. १२ मार्च

चि. घाईबाईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. शेजारच्या शिंपीणबाईंनी मशीन थांबवून वाचून दाखवलं. त्या स्वल्पविरामसुद्धा सोडत नाहीत, त्यामुळे वेळ लागतो. मी पुठ्ठ्याला खाचा पाडून त्यांतून लिहितोय. जन्मभर पुस्तकं बांधली, म्हणून पुठ्ठा तेवढा अजून सरळ कापता येतो; ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या असतील तर सांभाळून घे.

तुझ्या आईला जाऊन परवा सात महिने झाले. माझं बरं चाललंय, फक्त एका गोष्टीने डोकं फिरलंय. कोपऱ्यावरच्या बेकरीत आता रोख पैसे घेत नाहीत. तशी पाटी लावलीय म्हणे. मला पाटीचा काय उपयोग! मी नेहमीसारखी पन्नासची नोट पुढे केली, तर गल्ल्यावरच्या बाईंनी ती माझ्या कोटाच्या खिशात परत कोंबली आणि म्हणाल्या, आजोबा, ब्रेड असाच न्या. चार वर्षांपूर्वी माझी नजर गेली, लाज नाही गेली. ब्रेड तिथेच ठेवून आलो आणि तडक नगरपालिकेला अर्ज धाडला, की दुकानांनी रोख पैसे घेतलेच पाहिजेत असा नियम करा. वरच्या चौकातला वाणी अजून घेतो, पण दोन रस्ते ओलांडावे लागतात. जीव मुठीत धरून जातो, पण माझा मी जातो.

इथली काळजी करू नकोस. स्वतःच्या जेवणाच्या वेळा पाळ.

तुझे,
बाबा


ता. २ मे

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. चारच दिवस मिळाले, पण तुम्हाला पाहून बरं वाटलं. एक सांगितलं नव्हतं. तुम्ही वाण्याकडे निघालात तेव्हा मी मागून येत होते. एक मोटार तुमच्या काठीला घासून गेली.

म्हणून निघायच्या सकाळी, तुम्ही न्हाव्याकडे गेला होतात तेव्हा, कपाटातला डबा घेऊन बँक गाठली आणि सगळी रोकड तुमच्या खात्यात भरली. सदऱ्याच्या खिशात कार्ड ठेवलंय. उजव्या कोपऱ्याला खाच पाडलीय, म्हणजे बाजू कळेल. गुप्त आकडा माझ्या वाढदिवसाचा. (शिंपीणबाई, एवढं वाचून विसरून जा.) आता बेकरीत ताठ मानेने जा!

अहो, पण नोटा केवढ्या दुमडून ठेवल्या होत्या! कारकून एकेक सरळ करताना कुरकुरत होता, शेवटी मीही हात लावला. रागावू नका. आई असती तर तिने हेच केलं असतं.

तुमचीच लाडकी,
घाईबाई


ता. १९ मे

चि. घाईबाईस अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. चार वेळा पुठ्ठा पुढ्यात घेतला आणि बाजूला ठेवला. डबा रिकामा लागला तेव्हा चोरी झाली असं वाटून मी शिंपीणबाईंना हाका मारल्या होत्या. मग तुझं पत्र आलं.

रागावलो नाही. पण फार वाईट वाटलं, हे खोटं कशाला लिहू? त्या घड्या तुझ्या आईच्या होत्या. दहाची मधोमध, पन्नासची लांबट, शंभराची तिहेरी. माझी नजर गेल्यापासून ती मला अशाच नोटा देई. शेवटच्या आजारपणात बसवत नव्हतं, तरी उशीला टेकून दोन दुपारी तिने डब्यातली एकूण एक नोट दुमडली. म्हणाली, माझ्यामागे तुम्हाला कुणापुढे नोट धरून ही कितीची असं विचारायला लागू नये.

त्यातली एक घेऊन बाहेर पडलो की तिनेच पिशवी हातात देऊन पाठवल्यासारखं वाटायचं. बेकरीवर एवढा राग त्याचाच होता. तुला सांगायला हवं होतं, पण म्हातारपणी असलं बोलायला जीभ रेटत नाही. तेव्हा चूक माझीही आहे. मनाला लावून घेऊ नकोस.

तुझे,
बाबा


ता. २७ मे

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचल्यापासून मला माझे अंगठे दिसतायत. आईच्या घड्या मी माझ्या नखाने घासून घासून सपाट केल्या, बाबा, आणि कारकुनाशी हसत होते. बँकेत फोन केला. नोटा त्याच दिवशी पुढे गेल्या, आता कुठून शोधणार, असं म्हणाले. एक नोट तशी दुमडून पाहिली, पण तुम्हाला पाठवायचा धीर झाला नाही.

शिंपीणबाई, हे वाचून झालं की त्यांचा हात जरा वेळ धरून बसाल का? मला इथून धरता येत नाही.

जमलं तर माफ करा.

तुमची,
घाईबाई


ता. ८ नोव्हेंबर

चि. घाईबाईस अनेक आशीर्वाद.

नगरपालिकेचं उत्तर आलं. नियम झाला. दुकानांना आता रोख पैसे नाकारता येणार नाहीत. शिंपीणबाईंनी दोनदा वाचून दाखवलं. म्हणजे मी जिंकलो म्हणायचं.

परवापासून गारठा पडलाय. मार्चनंतर ठेवून दिलेला कोट काढला, खिशात हात घातला, तर लांबट घडी हाताला लागली. बेकरीच्या बाईंनी परत कोंबलेली तीच पन्नासची. त्यांनी घेतली नाही म्हणून ती राहिली. कोट मांडीवर घेऊन मी पोटभर रडलो.

मग तोंड धुऊन बेकरीत गेलो. म्हटलं, तिने नोट खर्चायलाच दुमडली होती, तर तसंच होऊ दे. बाई म्हणाल्या, आजोबा, आता घेतो आम्ही, द्या. मी नोट काढली. पण माझी बोटं काही केल्या सुटेनात. मागे रांग खोळंबली, कुणीतरी घसा खाकरला. शेवटी नोट खिशात ठेवली, कार्ड काढलं आणि तुझ्या वाढदिवसाचा आकडा दाबला. अर्ज करणारा म्हातारा तो हाच का, असं त्यांना वाटलं असेल.

तुझ्यावर माझा जीव आहे तसाच आहे. या खेपेला सवडीने ये. नोट तुझ्या हातात देईन. उलगडू मात्र नकोस.

तुझे,
बाबा