बाईंची एक टाइल

४ जून

ती. मावशीस सा. न.,

तर तुझ्या त्या आकड्याचं. शाळेच्या व्हरांड्यातल्या भिंतीवरच्या पट्ट्यासाठी मुलांनी नखाएवढ्या, एकेक सेंटीमीटरच्या टाइल्स जमवल्या, दहा लाख. तिथेच थांबले असते तर शंभर ओळी, ओळीत दहा हजार, काम फत्ते! पण तुझ्या जुन्या बाईंनी घरून आणखी एक आणली. आता सगळ्या लागायला हव्यात, आणि पट्ट्याच्या कडाही सरळ हव्यात! दहा लाख एकला मी दोनपासून शंभरपर्यंत सगळ्यांनी भागून बघितलं. ढिम्म हलत नाही. मूळ संख्या आहे गं, कशानेच भाग जात नाही. एकच ओळ लावलीस तर बसेल, दहा किलोमीटर लांब! सॉरी. बाईंना सांगून टाक.

रागावू नकोस, माया कर.
तुझी भिंगरी

९ जून

चि. भिंगरीस अ. उ. आ.

सांगून टाक म्हणे! ज्या बाईंनी माझ्या हातात पहिल्यांदा रंगीत तुकडे आणि डिंक दिला, त्यांना कुठल्या तोंडाने सांगू की तुमची तेवढी नको? काल त्या येऊन विचारून गेल्या, माझी कुठे लावणार. मी सिमेंट कालवत बसले. सोमवारी काम सुरू करायचंय. तुझी आई म्हणते तू अभ्यासातूनही अशीच मध्येच उठतेस. मला एवढंच सांग, शंभरलाच का थांबलीस? दमलीस की भूक लागली?

जेवत जा, लिहीत जा.
मावशी

१२ जून

ती. मावशीस सा. न.,

भूकच लागली असणार, एक शून्य खाल्लं मी! हजार गुणिले हजार म्हणजे दहा लाख, म्हणून हजारपर्यंत बघायला हवं होतं. शंभरला थांबले, आणि पुढच्याच आकड्याने भाग गेला! एकशे एक ओळी, प्रत्येकीत नऊ हजार नऊशे एक. खेटून लावल्यास तर मीटरभर उंच, नव्व्याण्णव मीटर लांब. तुझा व्हरांडा शंभरचा आहे ना? बसतंय, मावशी, बसतंय!

आणि खरी गंमत पुढेच. आधीच्या दहा लाखांना मधली टाइलच नव्हती, मधोमध नुसती फट आली असती. आता दोन्ही आकडे विषम. वर पन्नास ओळी, खाली पन्नास, डावी-उजवीकडे चार हजार नऊशे पन्नास, आणि बरोब्बर मधे एकच जागा. बाईंची!

चूक विसर, लोभ तेवढा ठेव.
तुझी भिंगरी

ता. क. पण पट्टा जमिनीपासून सुरू होणार, म्हणजे मधली जागा बाईंना वाकून बघावी लागेल. त्यापेक्षा वरच्या ओळीत, दाराशी लावली तर येता-जाता हात लावता येईल. तुला काय वाटतं?