टोपली बाहेर ठेवा

१२ जुलै १९६४
विद्यापीठ सुरू होऊन तीन आठवडे झाले, ग्रंथालयाची कपाटं अजून कुलपात. संस्थेच्या चिटणिसांना विचारलं. म्हणाले, "देणगी शेठजींची, ते उद्घाटनाला येतील. त्यांच्या हस्ते उघडायची आहेत. तोवर मुलांना काचेतून बघू द्या." काचेतून! पुस्तक म्हणजे हलवायाच्या दुकानातली बर्फी?

वर्ग पालघर-बोईसर रस्त्यालगतच्या गवताच्या जुन्या वखारीत भरतात. त्याबद्दल तक्रार नाही. सरकारची मान्यता यायची आहे, त्याचीही नाही. तत्त्वज्ञान, इतिहास, साहित्य, संगीत, आणि सरकारची एक पै नाही. याच एका गोष्टीसाठी हायस्कुलातली कायमची नोकरी सोडली.

आज तासाला विचारलं, मुक्त माणूस कोण? मग सातपाटीची हिरा: "ज्याला परवानगी मागावी लागत नाही तो." पुढे दीड तास बोललो, पण त्यात तिच्या वाक्याहून जास्त काही नव्हतं.

१९ जुलै
हिरा तिच्या गल्लीतली पहिली मॅट्रिक. चैत्रात सातपाटीला भाषणाला गेलो तेव्हा तिच्याच ओट्यावर बसून पापलेटाचं कालवण ओरपलं, आणि उठून म्हणालो, "तिकडे तारापूरला सरकार अणूतून वीज काढणार आहे, इकडे आपण माणसातून काढू. हे विद्यापीठ तुमचं घर आहे!" तिची आई जानकीबाई मासळी विकते. कमरेवर हात ठेवून ऐकत होती. म्हणाली, "घर म्हनता ना मास्तर? मग पोर देते."

२६ जुलै
नियमावली छापून आली. मराठी मजकूर माझाच. कलम सात: आवारात मासे-मांस आणू नये, शिजवू नये, खाऊ नये. मसुदा आला तेव्हाच खटकलं होतं. म्हटलं, आधी उद्घाटन होऊ दे, मग भांडू. शहाणपणा! सगळे भित्रे हेच नाव देतात.

वसतिगृहाच्या बाईंनी हिराची ट्रंक सगळ्या मुलींसमोर हुंगली. आत कपडे, कंगवा, वही. काही सापडलं नाही, तरी ट्रंक व्हरांड्यात काढली. "वास मुरलाय." हिरा मला विचारते, "सर, सुटीत घरी खाल्लं तर चालेल ना?"

तडक चिटणिसांकडे. बोललो, आणि बोललो म्हणजे वखारीचे पत्रे हलले. त्यांनी पान लावून होईपर्यंत ऐकलं. "तुम्ही तत्त्वज्ञान शिकवा, सर. स्वयंपाकघर आम्ही बघतो."

कलम हललं नाही.

२५ ऑगस्ट
नारळी पौर्णिमा झाली, होड्या बाहेर पडल्या. हिराचा बाप दामू तांडेल, त्याचीही गेली. हिरा खुशीत. "बा म्हणतो, उद्घाटनाला आम्ही सगळी येणार." म्हटलं, "जरूर या." बरोबर काय आणणार, हे विचारलं नाही.

३० ऑगस्ट
लिहिलंच पाहिजे.

उद्घाटनाचा मंडप भरलेला. शेठजी मधल्या खुर्चीवर, शेजारी चिटणीस. ध्वनिक्षेपकासमोर मी. दोन भोंगे झाडांना बांधलेले, आवाज पार रस्त्यापर्यंत. मी उभा राहतो तोच मागून गलका. दामू तांडेल, डोक्याला तांबडी टोपी, जानकीबाई नवं लुगडं नेसलेली, मागे गल्लीतली पंधरा-वीस माणसं. जानकीबाईच्या डोक्यावर टोपली, वर केळीचं पान, नारळ, झेंडूची फुलं. थेट मंचापाशी आली, टोपली उतरवली, पान बाजूला केलं. चांदीच्या ताटाएवढी पापलेटं.

सातपाटीत हंगामाच्या पहिल्या फेरीतली पहिली मासळी विकत नाहीत. ती देवाला, नाहीतर ज्याला देवासारखं मानलं त्याला. मला हे ठाऊक होतं. वर्गात दानाचं उदाहरण म्हणून मीच सांगितलं होतं!

शेठजींनी रुमाल नाकाला लावला आणि ते उभे राहिले. चिटणिसांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, ज्याला चौकातल्या सभेत कधी शब्द शोधावा लागला नाही तो मी, भोंग्यात म्हणालो, "जानकीबाई, टोपली बाहेर ठेवा. नंतर बघू."

दोन्ही भोंग्यांतून. रस्त्यापर्यंत.

तिने पान पुन्हा नीट झाकलं. नारळ सरळ केला. टोपली उचलून गेली. शेठजी बसले. त्यानंतर मी पाऊण तास मुक्त विद्येवर बोललो. तीनदा टाळ्या.

३१ ऑगस्ट
दिलेली वस्तू सातपाटीची माणसं परत नेत नाहीत. टोपली फाटकाबाहेर आंब्याखाली तशीच राहिली. संध्याकाळी मी तिच्याजवळून गेलो. थांबलो नाही.

घरी सुमतीने विचारलं, "मासे कोणी नेले?"
"कावळ्यांनी."
"चला. परवानगी न मागणारं कोणीतरी होतं म्हणायचं तिथे."
बायको वर्गात नसते, पण सगळं ऐकून असते.

२ सप्टेंबर
हिरा तासाला नाही. व्हरांड्यातली ट्रंकही नाही.

कपाटं त्या दिवशी उघडली, फोटो झाला, पुन्हा कुलूप. मुलांना पुस्तकं अजून नाहीत.

चिटणीस भेटले. "प्रसंग छान सावरलात. शेठजी म्हणाले, हा माणूस कामाचा आहे." विभागप्रमुखपद देणार म्हणे. पाठीवर थाप मारली. माणूस बैलाच्या पाठीवर मारतो तशी.

सरकारचे मिंधे नाही म्हणून आपण मुक्त, असं मी चिंचणीपासून सातपाटीपर्यंत ओरडत हिंडलो. शेठजींची विहीर, शेठजींचा दोर. पोहरा तेवढा आपला, आणि आपण पाण्याच्या गोडीवर व्याख्यानं देतोय! राग येतो. शेठजींचा येतो, चिटणिसांचा येतो. पण त्या भोंग्यात आवाज त्यांचा नव्हता.

६ सप्टेंबर
सातपाटी. वाळत घातलेल्या बोंबलांच्या ओळींखालून वाकून गेलो. दामू तांडेल समुद्रावर. जानकीबाईने पाट दिला, पाणी दिलं. मग मीच सुरू केलं: परिस्थिती, संस्थेचं भवितव्य, एक पाऊल मागे, दोन पुढे...

"मास्तर, तुमी लय छान बोलता. त्या दिशी का नाय बोललात?"
म्हटलं, "चूक झाली."
"हितं म्हनता. हितं कोन हाय? मी, तुमी नि मांजर."

हिरा आतून आली. हातात कोयता, अंगावर खवले. काळवंडली आहे. "सर, मला यायचंय. खरंच यायचंय. पण काय म्हणून येऊ? वास धुऊन येऊ का?"

"टोपली भायेर ठेवली, तिच्या मागोमाग पोर भायेर आली," जानकीबाई म्हणाली. "ज्या भोंग्यातून बोललात ना, त्याच भोंग्यातून सांगा. तवा पाठवते. नायतर माझ्याबरोबर बाजारात बसंल. तिथं वासाला कोन नाक मुरडत नाय."

शेजारीण हसली. "मास्तर, तवर एक पापलेट न्या की, पिशवीत लपवून!" सगळ्या हसल्या. हिराही.

पिशवी रिकामीच आणली.

४ ऑक्टोबर
दसऱ्याला सरस्वतीपूजन. शेठजी येणार, भाषण मी करायचं. चिटणिसांनी विषयही दिला: दात्याचे ऋण.

हिराच्या फीची सवलत दसऱ्यापर्यंतच धरून ठेवली आहे. नंतर नाव कमी. हे त्यांनी सहज जाता जाता सांगितलं. म्हणजे सातपाटीचं त्यांना सगळं कळलेलं आहे.

सातपाटीला निरोप पाठवला: दसऱ्याला सकाळी या.

सुमती म्हणाली, "बोललात तर संस्थेचं हे घर रिकामं करावं लागेल."
"हो."
"आणि नाही बोललात तर?"
ती भांडी आवरू लागली. थोड्या वेळाने बघतो तर वरच्या फळीवरची पितळी भांडीसुद्धा काढून पुसतेय.

दसरा, सकाळ
पाच मिनिटं आहेत. मंडपाच्या मागे उभा राहून पेन्सिलीने लिहितो आहे.

भाषणाचा कागद दोन रात्री खपून लिहिला होता. दात्याचे ऋण, ते खरं कुणाचं, वगैरे. फाडला. फार चांगला झाला होता. त्यातही टाळ्या पडल्या असत्या.

शेठजी आले. हार झाला. कपाटं पुन्हा उघडली, या वेळी झेंडूची तोरणं लावून.

हिरा आली आहे. फाटकाबाहेर आंब्याखाली ट्रंकेवर बसलीय. जानकीबाई शेजारी उभी, कमरेवर हात. मी जाऊन म्हटलं, "आत चल." हिरा म्हणाली, "आधी ऐकते."

भोंगे या वेळी दोन्ही मंडपात वळवलेले. शेठजींची तशी सूचना, रस्त्यावर उगाच आवाज नको. भोंगेवाल्याला म्हटलं, एक फाटकाकडे फिरव.
"चिटणिसांना विचारलं का, मास्तर?"
"नाही."
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग शिडी घेतली.

तो वर चढलाय. तार पुरते की नाही बघतोय. माझं नाव पुकारतायत.